मार्गशीर्ष आणि वसंत, एकाच श्लोकात



मार्गशीर्षात थांबलेलं हे रोजचं चिंतन आज पुन्हा सुरू करते आहे. मध्ये जवळजवळ पाच महिने गेले. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विचारपूस केली, आणि मी कोणालाच नीट उत्तर दिलं नाही. रागावू नका. लिहायला बसले की हात थांबायचा. का थांबायचा ते आज सांगते, कारण आजच्या चिंतनाचा विषयच तो आहे.

आजचा भाग : गीता, अध्याय १०, विभूतियोग. श्लोक ३४ आणि ३५.

आधी थोडी उजळणी. या अध्यायात अर्जुन एक अगदी आपल्यासारखा प्रश्न विचारतो. तो म्हणतो, देवा, तू सगळीकडे आहेस हे ऐकलं, पटलंही, पण मी तुझं चिंतन नेमकं कशाकशात करू? सतराव्या श्लोकात हा प्रश्न येतो. मग भगवंत एकेक नाव सांगत जातात. वृक्षांमध्ये पिंपळ, स्थिर गोष्टींमध्ये हिमालय, नद्यांमध्ये गंगा, यज्ञांमध्ये जपयज्ञ. माझे वडील म्हणायचे, ही यादी पाठ करण्यासाठी नाही, ही जिन्याच्या कठड्यासारखी आहे. अंधारात चढताना हाताला काहीतरी धरायला लागतं ना, त्यासाठी.

मार्गशीर्षात आपण तेहतिसाव्या श्लोकापर्यंत आलो होतो. दुसऱ्या दिवशी चौतिसावा घ्यायचा होता. तो दिवस मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. त्या दिवशी आमचे हे गेले.

साताऱ्यात आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. हे रोज पहाटे किल्ल्याकडे फिरायला जायचे. कृषी खात्यात नोकरी झालेली, त्यामुळे वाटेवरचं झाड न झाड ओळखीचं. संसाराची एकेचाळीस वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं सकाळी निघताना ते मला विचारायचे, "येतेस का गं?" आणि मी म्हणायचे, "माझी पूजा व्हायचीय." मग ते हसून म्हणायचे, "देव काय घरातच बसलाय?" आणि चपला घालून निघायचे. हे इतकं रोजचं झालं होतं की त्यात विचारणं नव्हतं आणि नकारही नव्हता. घड्याळाच्या टोल्यासारखं होतं.

त्या गुरुवारीही विचारलं. "चल आज तरी. कोवळं ऊन पडलंय." मी म्हटलं, "आज गुरुवार आहे, घट मांडायचाय." ते गेले, तासाभराने परत आले, खुर्चीत बसले, "चहा टाकलास का?" म्हणाले. मी चहा घेऊन बाहेर आले तोवर सगळं संपलं होतं. लक्ष्मीचा घट मांडलेला तसाच राहिला. त्याची उत्तरपूजा कोणी केली, केली की नाही, मला आजही ठाऊक नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी मी सवयीने गीता उघडली. खूण जिथे होती तिथेच पान उघडलं. चौतिसावा श्लोक. भगवंत सांगतात की सगळं हिरावून नेणारा मृत्यू तो मीच.

मी पुस्तक मिटलं. खरं सांगते मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा देवाचा राग आला. तू नेलंस, आणि वर स्वतःच्या तोंडाने सांगतोस? आणि महिना कुठला निवडलास तर मार्गशीर्ष, ज्याला तू स्वतःचा महिना म्हणतोस! त्या दिवसापासून गीता उघडली नाही. पोथी हातात न धरता सकाळ जाऊ शकते हे मला नव्याने कळलं.

माघात मुलगा मला लंडनला घेऊन आला. सहा महिन्यांचा व्हिसा. "आई, घरात एकटी बसून काय करणार?" म्हणाला. इथे येऊनही मी तेच केलं, घरात बसले. मुलाचं घर पूर्व लंडनमध्ये, वॉनस्टेड पार्कपासून पाच मिनिटांवर. खिडकीतून पाहिलं की राखाडी आभाळ आणि काळी काळी उघडी झाडं. आपल्याकडे पानगळ होते, पण सगळी झाडं एकदम अशी सांगाड्यासारखी झालेली मी कधी पाहिली नव्हती. मी सुनेला विचारलंसुद्धा, "ही झाडं मेलीत का गं?" ती म्हणाली, "नाही आई, झोपलीत." मला ते लहान मुलांची समजूत घालतात तसं वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी एक आवाज कानावर आला आणि मी दचकून उठले. कर्कश, ओळखीचा. पोपट! खिडकीशी गेले तर समोरच्या उघड्या झाडावर सात-आठ हिरवेगार पोपट. गळ्यात तीच काळी-गुलाबी रेघ, तीच लाल चोच. अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरचे पोपट इथे कसे? नातीने सांगितलं की लंडनच्या बागांमध्ये हे कितीतरी आहेत. कुणाच्या कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेले, सोडलेले. गेली पन्नासेक वर्षं ते इथे घरटी करतात, पिल्लं वाढवतात आणि ही थंडीही काढतात. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि कोण जाणे का, इतक्या दिवसांत आलं नव्हतं तसं रडू आलं. नात घाबरली. म्हणाली, "आजी, चल ना, आपण त्यांना जवळून बघू." मी तिला नाही म्हणू शकले नाही. ज्यांना एकेचाळीस वर्षं नाही म्हटलं त्यांच्या नातीला मी पहिल्याच हाकेला हो म्हटलं. परमेश्वराचे हिशेब असे असतात.

मग ती आणि मी रोज शाळेनंतर पार्कात जायला लागलो. अंगात मुलाचा जुना जाड कोट, डोक्याला मफलर, हातमोजे. माझ्या सुती साडीवर तो कोट पाहून हे किती हसले असते!

या वॉनस्टेड पार्काचीही एक गोष्ट आहे. इथे एकेकाळी फार मोठा वाडा होता, राजवाडाच म्हणा. दोनशे वर्षांपूर्वी मालकाच्या कर्जापायी तो पाडला गेला आणि दगड-विटांसकट विकला गेला. पुढे ही जागा एपिंग फॉरेस्टबरोबर लोकांसाठी राखली गेली आणि १८८२ साली बाग सगळ्यांना खुली झाली. वाड्याच्या जागी आज वाडा नाही. राहिली ती तळी, झाडं आणि चालायच्या वाटा. सुरुवातीला हे ऐकून मला वाटलं, बघा, सगळं हिरावून नेणारा इथेही येऊन गेलाय. तो श्लोक काही पाठ सोडत नव्हता.

एके दिवशी नातीने एक फांदी वाकवून मला दाखवली. हॉर्स चेस्टनट म्हणतात त्या झाडाची. टोकाला एक चांगला मोठा तपकिरी कोंब, बोट लावलं तर चिकट, डिंकासारखा. ती म्हणाली, "आजी, याच्या आत पानं आहेत. आमच्या टीचरनी सांगितलं. गेल्या समरमध्येच तयार झालीत." मी म्हटलं, "गेल्या उन्हाळ्यात? मग इतके दिवस काय करतायत?" ती म्हणाली, "वाट बघतायत."

मंडळी, घरी येऊन मी विचार करत बसले. म्हणजे पान गळायच्या आधीच पुढचं पान तयार असतं. जुनं गेलं म्हणून नवं आणायची धावपळ झाडाला करावी लागत नाही. पानगळीच्या वेळी, सगळं संपलंय असं बघणाऱ्याला वाटतं तेव्हा, पुढचा वसंत फांदीच्या टोकाशी घट्ट मिटून बसलेला असतो.

त्या रात्री मी गीता उघडली. पुन्हा चौतिसावाच श्लोक. पण या वेळी मी पहिल्या शब्दापाशी थांबले नाही, पुढे वाचलं. आणि लाज वाटली. एकेक श्लोक उलगडून सांगणारी मी, आणि मीच अर्धी ओळ वाचून पुस्तक मिटलं होतं! त्याच ओळीत, श्वासही न घेता, भगवंत पुढे म्हणतात की जे पुढे होणार आहे त्याचा उगमही मीच. मृत्यू आणि उगम एका ओळीत, शेजारी शेजारी. आणि त्यानंतर काय आहे? स्त्रीरूप असलेल्या सात शक्तींची नावं. कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. यातली तीन नावं मी बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली. स्मृती, म्हणजे आठवण. धृती, म्हणजे कोसळू न देणारा धीर. आणि क्षमा.

म्हणजे बघा, ज्या श्लोकात देव म्हणतो की मी नेतो, त्याच श्लोकात तो म्हणतो की गेल्यावर मागे राहणारी आठवणही मी, ती आठवण सोसायचा धीरही मी, आणि त्या आठवणीत जे टोचतं त्याची क्षमाही मीच. नेणाऱ्याने मागे इतकं ठेवलं आणि मी फक्त नेल्याचा हिशेब मांडत बसले होते.

आता पस्तिसावा. यात भगवंत सांगतात की महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष आणि ऋतूंमध्ये फुलांची खाण असलेला वसंत. हा श्लोक मी शेकडो वेळा वाचला असेल. नेहमी वाटायचं, दोन छान गोष्टी सांगितल्या आहेत. मार्गशीर्ष आपल्याकडे सुखाचा. पीक घरात येतं, हवा गार, गुरुवारची पूजा, खिरीचा नैवेद्य. वसंत तर काय, कोकिळा, आंब्याचा मोहोर, चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हं. पण इथे या थंड मुलुखात बसून वाचलं तेव्हा लक्षात आलं की मार्गशीर्ष हा हिवाळ्यातला महिना आहे. थंडी आणि वसंत ही दोन टोकं आहेत, आणि देवाने दोन्ही एकाच ओळीत स्वतःची म्हणून सांगितली आहेत. वसंत माझा आणि थंडी दुसऱ्या कुणाची, असं तो म्हणत नाही.

आणि दोन्हींचा संबंध काय आहे तेही इथेच कळलं. शेजारी एक वृद्ध बाई राहतात. ऐंशीच्या पुढच्या. अंगणात एक सफरचंदाचं झाड आहे. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळतं आणि माझं त्यांना पाव कळत असेल, पण कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून आम्ही बोलतो. मी थंडीची तक्रार केली, तेव्हा त्या झाडावर हात ठेवून म्हणाल्या की याला थंडी लागते, नाहीतर हे नीट फुलत नाही. मुलाने मला समजावून सांगितलं. सफरचंदाच्या झाडाला साधारण सात अंशांच्या खालची थंडी कित्येकशे तास मिळाली तरच त्याची कळी वसंतात नीट उमलते. आपले हिमाचलचे बागाईतदारही हिवाळ्यात हाच हिशेब ठेवतात. थंडी कमी पडली की फुलोरा उशिरा आणि विस्कटलेला. ट्युलिपच्या कंदाचंही तसंच.

हे ऐकलं आणि ह्यांची फार आठवण झाली. ह्यांनी हे मला एका वाक्यात सांगितलं असतं. कदाचित सांगितलंही असेल, कधीतरी चहा पिताना, आणि मी "हं" म्हणून वाती वळत बसले असेन.

इथे एक गोष्ट सांभाळून समजून घ्या, मंडळी. थंडी लागते म्हणजे दुःख चांगलं असतं, असं मी म्हणत नाही. कुणाच्या दारात माणूस गेलेला असताना "यातूनच चांगलं होईल" असं सांगायला जाऊ नका. मला असं सांगायला आलेल्यांचा फार त्रास झाला. कळीला त्या तासांत कुणी सांगत नसतं की हे तुझ्या भल्यासाठी आहे. ती फक्त मिटून राहते. आपणही त्या दिवसांत मिटून राहिलो, नाम घेता आलं नाही, पोथी उघडवली नाही, तरी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. देव त्या मिटण्यातही आहे, कारण मार्गशीर्षही तोच. एवढंच मला म्हणायचंय.

यंदा वर्षाच्या आत सण नाही, म्हणून घरी गुढी उभारली नाही. पाडव्याच्या दिवशी मन अगदी उदास होतं. त्या दिवशी एकटीच पार्कात गेले. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास पुढे करतात, त्यानंतर संध्याकाळ चांगलीच लांबते. पाहते तर वाटेच्या कडेला काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी नुसती भरून गेलेली. पान एकही नाही. ब्लॅकथॉर्न म्हणतात त्याला. मला आपला पळस आठवला. ह्यांचं वाक्य आठवलं, "पळस बघ, अंगावर पान नसताना फुलतो." हे वाक्य ते दर फाल्गुनात म्हणायचे. तेव्हा माझ्यासाठी ते पळसाबद्दल होतं. आता माझ्या अंगावर एक पान नव्हतं आणि ते वाक्य माझ्याबद्दल झालं होतं.

मग चैत्र संपत आला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, आज सगळे मिळून जाऊ, ब्लूबेल फुललेत." याच पार्कात शॅले वूड नावाचं छोटं रान आहे. आत शिरलो आणि मी जागच्या जागी थांबले. झाडांच्या बुंध्यांमधून, नजर जाईल तिथवर, जमीन निळी. निळी म्हणजे जांभळट निळी, आपल्या श्यामसुंदराच्या अंगकांतीचं वर्णन ऐकून मनात जो रंग येतो ना, तो. वर ओकच्या फांद्यांना नुकती पालवी फुटत होती आणि त्यातून ऊन खाली झिरपत होतं. हे फूल ही थोड्या दिवसांचीच संधी साधतं. वरची पानं दाट झाली की खाली ऊन पोचत नाही, म्हणून झाडं भरायच्या आत ते फुलून घेतं. वर्षातले थोडेसे दिवस. बाकी सगळं वर्ष तो कंद जमिनीखाली गुपचूप.

आणि मी काय केलं? आपल्या बायकांना फूल दिसलं की हात आपोआप पुढे जातो. देवासाठी चार फुलं घ्यावीत म्हणून मी वाट सोडून एक पाऊल आत टाकलं. नात ओरडली, "आजी, नको! थांब!" मी तशीच थबकले. वाटेच्या दोन्ही कडांना ओंडके मांडून ठेवले होते ते मी पाहिलेच नव्हते. तिने समजावलं की पानावर पाय पडला तर ते पान चुरगळतं, मग कंदाला अन्न मिळत नाही आणि ते झाड सावरायला कित्येक वर्षं लागतात. बी पेरल्यापासून पहिलं फूल यायलाच पाचेक वर्षं जातात. कंद उपटायला तर इथे १९८१च्या कायद्याने बंदी आहे. मी पाय मागे घेतला. नऊ वर्षांच्या पोरीसमोर सदुसष्ट वर्षांची मी ओशाळले.

थोडं पुढे एक बाक होता. इकडे अशा बाकांवर छोटी पाटी असते, अमक्याच्या आठवणीत, त्याला ही जागा आवडायची, अशा अर्थाची. मी त्या बाकावर बसले. मुलगा-सून नातीबरोबर पुढे गेले. आणि मग जे इतके महिने आत अडकलं होतं ते आलं.

हे किल्ल्यावरून येताना वाटेवर पडलेलं एखादं फूल उचलून आणायचे. कधी पांगाऱ्याचं, कधी सावरीचं, कधी नावही माहीत नसलेलं रानफूल. म्हणायचे, "तुझ्या देवाला." आणि मी म्हणायचे, "अहो, खाली पडलेलं फूल देवाला चालतं का? प्राजक्त सोडून चालत नाही." मग ते काही न बोलता वाटीत पाणी घेऊन ते फूल खिडकीत ठेवायचे. एकेचाळीस वर्षं माझ्या देवघरात तोडलेली फुलं होती आणि त्यांच्या खिडकीत पडलेली. मी पूजा करत होते असं मला वाटायचं. आणि ते?

मंडळी, मी ही गोष्ट तुम्हाला पूजा सोडा असं सांगायला सांगत नाही. पूजा आजही माझा प्राण आहे. नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की पान, फूल, फळ, पाणी, काहीही भक्तीने दिलं की मी घेतो. पण मला एवढं दिसलं की मी देवाला देण्यात इतकी गढले होते की देव मला काय देतोय ते बघायला मी घराबाहेर आलेच नाही. रोज सकाळी दारात उभा राहून तो विचारत होता, येतेस का? मी त्याला माणसाचा आवाज समजले.

आपल्या संतांना हे माहीत होतं. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायचे. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. आणि आपली वारी म्हणजे तरी काय? आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणंच ना? चालणं हीच जिथे भक्ती आहे त्या परंपरेतली मी, आणि मला चालण्यात देव दिसला नाही. हे दरवर्षी लोणंदपासून फलटणपर्यंत पालखीबरोबर चालायचे. मी दारात उभी राहून वारकऱ्यांना चहा द्यायचे, त्यातच धन्य.

बाकावर बसून मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, "अहो, चुकलं माझं." आजूबाजूला मराठी कळणारं कोणी नव्हतं, हा परदेशाचा एक फायदा. आणि मला चौतिसाव्या श्लोकातला शेवटचा शब्द आठवला. क्षमा. ती मागायची कुणाकडे हा प्रश्न इतके महिने होता, कारण माणूसच उरला नव्हता. पण ती देवाचीच विभूती असेल तर माणूस गेल्यावरही क्षमा शिल्लक राहते. त्यांच्याकडून ती मला मिळाली का, हे मला विचारता येणार नाही. पण उठले तेव्हा पाय हलके होते.

घरी येताना रस्त्याकडेच्या चेरीच्या झाडाखाली गुलाबी फुलांचा सडा पडला होता. मी वाकून एक झुबका उचलला. खाली पडलेला. घरी आल्यावर वाटीत पाणी घेतलं, त्यात तो ठेवला आणि वाटी खिडकीत ठेवली. शेजारी गीता उघडून ठेवली. नातीने विचारलं, "आजी, हे कुणासाठी?" मी म्हटलं, "आजोबांच्या देवासाठी." ती म्हणाली, "आजोबांचा देव वेगळा आहे?" मी म्हटलं, "नाही गं. एकच आहे. मला उशिरा कळलं."

याच अध्यायाच्या शेवटी भगवंत अर्जुनाला म्हणतात की एवढा तपशील जाणून तुला काय करायचंय, माझ्या एका अंशाने हे सगळं जग मी धरून ठेवलंय. म्हणजे ब्लूबेलचं रान, अजिंक्यताऱ्याची वाट, लंडनचे पोपट, आमच्या घरातला तो अर्धा राहिलेला घट, सगळं त्याच एका अंशात. फूल पाहून फुलापाशीच थांबायचं नाही. ते ज्याच्या अंशाने उभं आहे त्याच्याकडे नजर न्यायची. पण त्यासाठी आधी फुलापाशी जायला तर हवं!

तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं परदेशात आहेत. तुम्हीही महिने दोन महिने जाता आणि फोनवर म्हणता, इथे करमत नाही, देऊळ लांब आहे, तुळस नाही. मीही तेच म्हणत होते. म्हणून हा आठवड्याचा अभ्यास.

पहिलं. जिथे असाल तिथे रोज अर्धा तास बाहेर चाला. फोन घरी ठेवा. नाम चालू ठेवा, पण डोळे उघडे ठेवा.

दुसरं. एक झाड निवडा आणि रोज त्याच्यापाशी दोन मिनिटं थांबा. काल काय होतं, आज काय आहे, एवढंच बघा. त्या झाडाचं स्थानिक नाव कुणाला तरी विचारा. त्या निमित्ताने शेजार जोडला जातो.

तिसरं. फूल तोडू नका, वाट सोडू नका. मनानेच ते देवाला वाहा. पडलेलं सापडलं तर उचलून आणा.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. घरात कुणी रोज "येतेस का?" किंवा "येतोस का?" असं विचारत असेल, तर आज पोथी मिटा, देवाला नमस्कार करा आणि चपला घाला. पूजा अर्ध्या तासाने झाली तर देव रुसत नाही. माझं ऐका.

हे पांडुरंगा, थंडीतही तूच होतास हे मला उशिरा कळलं, तरी कळलं. ज्यांच्या घरी अजून मार्गशीर्ष आहे त्यांना धीर दे, त्यांना घाई करू नकोस. ज्यांच्या दारात वसंत आला आहे त्यांना घराबाहेर बोलाव. आणि आमच्या ह्यांना माझा निरोप दे की आज मी फिरून आले.

उद्या श्लोक ३६. राम कृष्ण हरी.